नातवाची आइस हॉकी: पुण्यातून बघावी, की थंडीत तिकडे जावं?

गणपती झाले की आमच्या कट्ट्यावर हा विषय निघतोच. मुलगी-जावई किंवा मुलगा-सून कॅनडातल्या टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात राहतात, नातवंडं हॉकीच्या नादाला लागलेली आणि आपल्यापुढे दोन वाटा. रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, छताला लावलेल्या कॅमेऱ्यांवरून मॅच दाखवणाऱ्या एखाद्या सेवेची वर्गणी भरायची आणि घरच्या टीव्हीवर बघायचं, किंवा सरळ बॅगा भरून ऐन थंडीत तिकडे जाऊन राहायचं. उन्हाळ्यात जाण्याची तिसरी वाट बहुतेकांची मळलेली आहे, पण जून ते ऑगस्ट हॉकी म्हणजे फार तर एखादं शिबिर. खरा सीझन सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणून ती वाट इथे बाजूला ठेवतो.

आम्ही दोन्ही केलंय. नातू सध्या यू-11 मध्ये (अकरा वर्षांखालच्या गटात) आहे, म्हणजे पूर्ण मैदानावर, गोलकीपरसकट, ऑफसाइडच्या नियमासकट खेळतो. यू-9 पर्यंत बहुतेक वेळ अर्ध्या रिंकवरच खेळवतात, तेव्हा आजी-आजोबांना फारसं काही चुकल्यासारखं वाटत नाही. तुमचं नातवंड त्या वयाचं असेल तर घाई करू नका, हे आधीच सांगून टाकतो.

स्ट्रीमिंगच्या बाजूने बोलायचं तर वेळा आपल्याला बऱ्यापैकी सोयीच्या पडतात. हिवाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. शनिवारी तिकडे सकाळी सातला मॅच असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. मुलगी बिचारी अंधारात गाडीवरचा बर्फ खरवडून निघालेली असते आणि आपण चहा-चिवडा घेऊन टीव्हीसमोर. शुक्रवारी रात्री आठची मॅच म्हणजे आपली शनिवारची सकाळ, साडेसहा. ज्येष्ठांना तीही अवघड नाही. मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. प्लेऑफ, म्हणजे सीझनअखेरचे निर्णायक सामने, नेमके त्याच सुमारास असतात. तेव्हा आठची मॅच पहाटे साडेपाचला येते, एवढं लक्षात असू द्या.

वर्गणी महिन्याची असते आणि डॉलरमध्ये असते. ती मुलांनाच भरू द्यावी, आपल्या कार्डाच्या भानगडीत पडू नये. झालेली मॅच पुढे काही दिवस पुन्हा बघता येते, ही सोय मला खरंच आवडली. परगावच्या रिंकमध्ये तसा कॅमेरा नसेल तर मात्र मुलगी काचेला फोन टेकवून व्हिडिओ कॉल करते. त्यात अर्धा वेळ काचेवरचे पकचे, म्हणजे खेळायच्या रबरी चकतीचे, काळे ओरखडे आणि उरलेला अर्धा वेळ शेजारच्या बाईंचा कोपर दिसतो. त्याबद्दल तक्रार नाही, तो पोरीचा जीव आहे.

माझी तक्रार दुसरीच आहे, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला.

आइस हॉकीत एका वेळी बर्फावर एका संघाचे गोलकीपर धरून सहा जण असतात. संघात मुलं पंधरा-सोळा. बर्फावर पूर्ण जोर लावून पळायचं तर मुलगा मिनिटभरात थकतो, म्हणून सतत पाळ्या बदलतात. त्याला शिफ्ट म्हणतात. आपला क्रिकेटपटू बाद झाला की गेला. इथे पोरगा दर दोन-तीन मिनिटांनी कठड्यावरून उडी मारून आत येतो आणि परत बाहेर जातो. म्हणजे गोलकीपर सोडला तर कुठलाही मुलगा साधारण एक तृतीयांश वेळ खेळतो, उरलेला वेळ बेंचवर असतो. आणि छताचा कॅमेरा आपोआप फिरतो तो पकच्या मागे. त्याला ना नातू कळतो, ना आजोबा. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरी सोडून कॅमेरा पूर्ण वेळ भटजींच्या हातातल्या पळीकडेच लावलेला असावा, तसा प्रकार.

आम्ही बघत असलेल्या रिंकमध्ये तर बेंच कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, चौकटीच्या बाहेर. त्यामुळे आमच्या घरातला संवाद असा चाले:

"तो कुठाय?"

"बसलाय."

"कुठे बसलाय? दिसत तर नाही."

"अगं, बसलाय म्हणून तर दिसत नाही."

दोन तृतीयांश मॅच आम्ही लोकांची मुलं बघत होतो. आणि आपला आत आला, तरी ओळखायचा कसा? सगळ्यांना सारखे शर्ट, सारखी हेल्मेटं, तोंडावर जाळी. पाठीवरचा नंबर लांबून पुसट दिसतो, 8 आहे की 6 यावर आम्ही वाद घातलेत. एकदा त्याच्या पासवर गोल झाला. आम्हाला दिसला तो निळ्या शर्टांचा ढीग. त्यात तो आहे, हे मुलीचा मेसेज आल्यावर कळलं. फोन लावला तर स्वारी गाडीतच झोपलेली. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा म्हणाला, "हो आजोबा, मी पास दिला," आणि गेला शाळेला.

काही जण म्हणतात, कॅमेरा बदलून स्थिर दृश्य घेता येतं, मग सगळं रिंक दिसतं. आमच्याकडेही तसा पर्याय होता. पण रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद; ते अख्खं 43 इंची टीव्हीवर बसवलं की मुलं मुंग्यांएवढी होतात. चष्मा बदलून उपयोग नाही.

आता जाण्याची बाजू. कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. साध्या व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहसा सहा महिने राहता येतं, आणि एका सीझनला ते पुरे होतात. सुपर व्हिसावर 2022 पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू देतात, पण त्याला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. साध्या व्हिसाला सक्ती नाही, तरी विम्याशिवाय जाऊ नका, तिकडचं हॉस्पिटल पाहुण्यांना परवडणारं नाही. पॉलिसीत एकच ओळ नीट वाचा: आधीपासून असलेल्या आजाराची गोळी किंवा डोस गेल्या किती दिवसांत बदललेला चालत नाही. बीपीची गोळी जाण्याच्या तोंडावर बदलून घेतलीत तर नेमका तोच आजार विम्यातून बाहेर पडू शकतो. आपल्या डॉक्टरांना हे दोन-तीन महिने आधीच सांगून ठेवावं.

थंडीचं म्हणाल, तर लोक रिंकला घाबरतात. मला वाटतं, घाबरायचं ते पार्किंगला. रिंकच्या आत गारठा असतो, पण वारा नसतो. थर्मल, वरून स्वेटर, लोकरीचे मोजे आणि बसायला घडी केलेली जाड चादर, एवढ्यावर निभतं. बाकड्यांना पाठ नसते आणि ती लोखंडासारखी गार असतात. चादर विसरलात तर दुसऱ्या पिरियडपासून मॅचकडे लक्ष राहत नाही. खरा धोका गाडी ते दरवाजा या पन्नास पावलांत आहे. वितळून पुन्हा गोठलेला बर्फ डांबरासारखाच दिसतो. बुटांना लावायचे काटेरी पट्टे मिळतात, ते घ्या, आणि आत शिरताना आठवणीने काढा, फरशीवर तेच घसरतात. मुलगी तर गाडी दाराशी उभी करून आम्हाला उतरवते आणि मगच लावायला जाते.

बऱ्याच रिंकमध्ये काचेमागे उबदार बसायची जागा असते. आमच्या घरून तिथेच बसायचा आग्रह होता. ही तिथे बसते, कॉफीचा कप हातात धरून, आणि खूश असते. मी पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसलो आणि बाहेर आलो. काचेमागे आवाज येत नाही, आणि आवाज गेला तर अर्धा खेळ गेला. ब्लेडचा करकर आवाज, पक फळीवर आदळल्याचा धाडकन आवाज, कोचचं ओरडणं. पक ही साधारण 170 ग्रॅमची टणक चकती. तिचा आवाज पोटात जाणवतो.

आणि समोर बेंच दिसतो. रिंकच्या पलीकडे, सरळ नजरेच्या रेषेत. नातू शिफ्ट संपवून येतो, कठड्यावरून पाय टाकतो, जाळीतूनच तोंडात पाण्याची पिचकारी मारतो. शेजारच्याला कोपराने ढोसतो. संघाने चांगली चाल केली की सगळी पोरं काठ्या फळीवर बडवतात, त्यात हाही. कोच छोट्या पांढऱ्या फळ्यावर काहीतरी काढून दाखवतो तेव्हा हा नक्की ऐकतोय की इकडेतिकडे बघतोय, तेही कळतं. एकदा कुणाला तरी काठी अडकवली म्हणून त्याला पेनल्टी बॉक्समध्ये बसवलं. एकटाच, मान खाली. मग मान वर करून त्याने स्टँडमध्ये आम्ही कुठे आहोत ते शोधलं. पक तेव्हा दुसऱ्या टोकाला होता.

माझ्या हिशेबी मॅचपेक्षाही परतीची गाडी मोठी. बूट काढलेले, केस घामाने ओले, हॉकीच्या बॅगेचा वास गाडीभर (खिडकी उघडावी तर बाहेर उणे बारा), आणि पोरगा विचारल्याशिवाय बोलत असतो. तो ऑफसाइड होता का, रेफरीला दिसलं कसं नाही, गोलकीपर रडला पण कुणाला सांगू नका. ही बडबड अर्धा तास टिकते. घरी पोचेपर्यंत संपते. व्हिडिओ कॉलवर ती कधीच मिळाली नाही.

स्टँडमध्ये संगतही मिळते. तिकडे पंजाबी मंडळींनी हा खेळ कधीच आपलासा केलाय, 2008 पासून तर मोठ्या लीगच्या मॅचचं पंजाबीत समालोचन होतंय. आइसिंगचा नियम म्हणजे काय हे मला जावयाने दोन-तीनदा सांगूनही कळलं नव्हतं. शेजारी बसलेल्या एका सरदारजी आजोबांनी हिंदीतून, हातमोज्यांची मांडणी करून, एका पिरियडमध्ये समजावलं. आणि आजींसाठी: या वयोगटात अंगावर जाऊन आदळायला परवानगी नाही. ते 13-14 वर्षांच्या गटात, तेही वरच्या पातळीवर सुरू होतं.

जाण्याच्या विरोधातही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. मॅच तासाभराची, आठवडा सात दिवसांचा. डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार पडतो. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, आणि आपण बंद खिडकीतून शेजाऱ्याचा बर्फ मोजत बसलेले. ज्याला रोज सकाळी टेकडी लागते, त्याने याचा नीट विचार करावा. मॉलमध्ये फेऱ्या मारणारे आपल्या वयाचे लोक भेटतात, वाचनालयं सुंदर आहेत, पण दोन्हीकडे कुणीतरी सोडायला लागतं. हे परावलंबन माझ्या काही मित्रांना इतकं लागलं की ते फेब्रुवारीतच परतले. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

म्हणून मुलांना आधी एकच विचारा: पोरगं हाऊस लीगमध्ये आहे की ‘रेप’ संघात (रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे निवडक मुलांच्या संघात)? हाऊस लीग म्हणजे आठवड्याला साधारण एक मॅच, एक सराव. एवढ्यासाठी सहा महिने जाणं मलाही जड वाटेल; तिथे स्ट्रीमिंग ठेवावं आणि रागवू नये. ‘रेप’ संघात निवड झाली असेल तर आठवड्याला तीन-चार वेळा रिंक, वर शनिवार-रविवारच्या स्पर्धा. मग घरात बसायला वेळ उरत नाही, उलट मुलीला दुसरा मोठा माणूस हाताशी लागतो, नुसती बॅग धरायला आणि धाकट्याला सांभाळायला का होईना.

नात स्कीइंग करत असेल तर मात्र हे गणित लावू नका. टोरांटोहून दोनेक तासांवर ब्लू माउंटनला आम्ही गेलो होतो. नात वरून कुठूनशी सुटली, तळाशी शेवटचे काही क्षण दिसली आणि पुन्हा लिफ्टच्या रांगेत गेली. आजी-आजोबा दिवसभर खालच्या उपाहारगृहात, महागड्या फ्रेंच फ्राइजसमोर. तिथे वारा थेट अंगावर येतो. त्यापेक्षा तिच्या बापाने मागून येत काढलेला व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ शंभर पटीने चांगला, आणि तो पुण्यात बसूनही तेवढाच दिसतो.

सांगायचं ते माझ्या अनुभवापुरतं. तुमचे गुडघे, तुमची बीपी, जावयाच्या घरातल्या खोल्या, हे तुम्हालाच माहीत. स्ट्रीमिंग वाईट नाही. मीही इथे असतो तेव्हा बघतोच. पण पूर्ण सीझन जमत नसेल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत तरी जाऊन या. ख्रिसमसच्या सुट्टीची तिकिटांची महागाई तोवर उतरलेली असते, संघ एकमेकांना सरावलेला असतो, प्लेऑफ तोंडावर असतात, आणि परतताना दिवस मोठा झालेला असतो. तिकीट काढायच्या आधी फक्त मुलांकडून वेळापत्रक मागवून घ्या. शेवटचे आठवडे नेमके परगावच्या मॅचचे निघाले तर तारखा थोड्या मागेपुढे करता येतात.