दर मीटरला ‘टक्’ करणारं चाक: घ्यावं का?

हे दांडीने जमिनीवर ढकलत अंतर मोजायचं चाक. परीघ 1 मीटर, म्हणजे व्यास साधारण 31.8 सेंमी. एक फेरी, एक टक्. पहिली-दुसरीच्या पोरांना मीटर पायाखालून कळायला हे प्लास्टिकचं चाक पट्टीपेक्षा सरस.

पण लगेच हातात देऊ नका. आधी विटी कुठवर गेली ते दांडूने मोजू द्या. दांडू लहान-मोठे असले की आकडे जुळत नाहीत, भांडण जुंपतं. चाक काढायची वेळ तीच!

चाकावरचा बाण आखलेल्या रेषेला टेकवूनच निघायचं, नाहीतर पहिला टक् लवकर पडतो. पळवलं की चाक उडतं, चालतच न्यावं.

सोलापूरच्या काळ्या मातीपुढे मात्र ते हात टेकतं. उन्हाळ्यात भेगांत अडकून फरफटतं. पावसात कडेला 5 मिमी चिखल चढला तरी परीघ 3 सेंमीने वाढतो आणि 20 मीटरच्या धावपट्टीवर 19च टक् मिळतात. म्हणून फरशीवर किंवा मुरुमावरच चालवा, आणि मार्चनंतर ऊन तापतं, तेव्हा सकाळी आठच्या आत.

शाळेला एक जरूर घ्यावं. घरी 30 मीटरची फायबरची टेप पुरते.