पॉटीची खुर्ची की कमोडवरची रिंग: लातुरात नऊ महिने दोन्ही वापरून

होळी झाली आणि त्याच आठवड्यात मी दोन वस्तू मागवल्या. एक जमिनीवर ठेवायची पॉटी चेअर, ५४९ रुपयांची. दुसरी कमोडवर ठेवायची गादीवाली रिंग, धरायला दोन कान असलेली, ३९९ ची. "दोन्ही कशाला?" असं ह्यांनी विचारलं. कारण एकच, मला ठरवता येईना. पोरगं तेव्हा दोन वर्षं दोन महिन्यांचं होतं. आता डिसेंबर संपत आलाय आणि ते तीनला टेकलंय. दिवसाचं डायपर सुटून चार महिने झाले.

आधी घर कसं आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुना देशी संडास अंगणाच्या कडेला. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आतल्या बाथरूममध्ये कमोड बसवला. आणि पाणी. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातनं एकदा येतो, उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी. त्यामुळं बाथरूममध्ये २०० लिटरचे दोन ड्रम, चार बादल्या, दोन घागरी, सगळं कायम भरलेलं. लातूरकराला यात नवल वाटणार नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी कॉलेजात होते. रिकामं भांडं दिसलं की अजूनही हात आपोआप नळाकडं जातो.

खोकी उघडली तेव्हा आत्या, म्हणजे सासूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची उलटी करून बघितली, भांडं काढून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याला पैसे दिलेस? आमी तर पायावर धरीत होतो लेकराला. शीऽऽ म्हणलं की व्हायचं काम."

त्यांचं खोटं नाही. पाय लांब करून बसायचं, दोन्ही पावलांच्या मध्ये लेकराला टेकवायचं आणि तोंडानं आवाज काढायचा. माझंही तसंच झालं असणार. पण ते सहा-आठ महिन्यांच्या तान्ह्याला, आणि वेळ ओळखून लेकरू उचलायला घरात सतत कुणीतरी मोकळं लागतं. मी सकाळी नऊला बाहेर पडते, आत्यांची कंबर धरते आणि साडेबारा किलोचं पोरगं आता पायावर मावत नाही.

सुरुवात कधी करायची हे मी वयावर नाही, खुणांवर ठरवलं. दोन-दोन तास डायपर कोरडं निघायला लागलं होतं. शी लागली की पोरगं फ्रिजच्या मागं जाऊन उभं राहायचं आणि "येऊ नको" म्हणायचं. चड्डी स्वतः खाली ओढता येत होती. एवढं जमत नसेल तर थांबा. शेजारच्या काकूंची नात दीड वर्षाची असताना बसायला लागली म्हणून आपल्या लेकराला बसवायचं नसतं. बहुतेक मुलांचं हे दोन ते चार वर्षांच्या दरम्यान होतं, आणि कुणाचं आधी झालं म्हणून मोठेपणी काही बक्षीस मिळत नाही.

मी आधी रिंगवर भर दिला. चूक झाली. माझा हिशेब असा होता की शेवटी कमोडवरच बसायचंय, मग मधली पायरी कशाला? शिवाय भांडं धुवायचा कंटाळा.

कमोड जमिनीपासून साधारण सोळा इंच. पोरगं चौतीस इंच. म्हणजे उचलून बसवायचं, पाय लोंबकळणार, आणि आपण समोर उभं राहून दोन्ही हात धरायचे. त्यात कमोडचं तोंड दोन प्रकारचं असतं, गोल आणि लांबट अंड्यासारखं. आमचं लांबट निघालं आणि रिंग गोलाची. पुढच्या बाजूला चांगली दोन बोटं फट राहायची. खालचे रबराचे ठोकळे कोरड्यात पकडायचे, पण आपल्याकडं संडासाला गेल्यावर कोरडं काय राहतं? तिसऱ्या आठवड्यात पोरगं बाजूचा मग घ्यायला वाकलं, रिंग सरकली आणि मांडी रिंग आणि कमोडच्या मध्ये चिमटली. पडलं नाही, मी धरलं होतं. पण जे किंचाळलं ते मामा हॉलमधून काठी टेकत आले.

त्यानंतर चार दिवस शी नाही. पडद्यामागं जाऊन पायाला पाय घट्ट लावून, पंजांवर उभं राहून, लालबुंद होऊन धरून ठेवायचं. आधी मला वाटलं जोर करतंय. जोर करत नव्हतं, अडवत होतं. पाचव्या दिवशी झाली ती दगडासारखी, सोबत थोडं रक्त. दुखलं म्हणून परत अडवणं, अडवलं म्हणून परत कडक होणं. हे चक्र सुरू झालं की रिंग कुठली आणि खुर्ची कुठली, सगळंच बाजूला राहतं.

डॉक्टरांनी पोट तपासलं, मऊ होण्यासाठी औषध दिलं आणि मलाच दोन प्रश्न विचारले. दूध किती पितो? आणि बसतो तेव्हा पाय कुठं असतात? दूध दिवसाला जवळजवळ लिटरभर होतं, जेवण नावाला. ते निम्म्यावर आणायला सांगितलं, वर पपई, पेरू, भिजवलेले मनुके आणि पाणी. पायांचं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. शेवटच्या आतड्याभोवती एक स्नायू गोफणीसारखा अडकलेला असतो आणि तो वाट वाकडी करून ठेवतो, म्हणून आपल्याला धरून ठेवता येतं. उकिडवं बसलं, गुडघे कमरेच्या वर आले की तो सैल पडतो आणि वाट बरीच सरळ होते. पाय लोंबकळत असतील तर लेकरू तोल सांभाळायला अंग आवळून बसतं. आवळलेल्या अंगानं शी व्हायची कशी?

घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय म्हणलालते?"

रिंग खिळ्याला टांगली आणि खुर्ची काढली. दहा-बारा दिवस तिच्यावर चड्डी घालून नुसतं बसायचं, गोष्ट ऐकायची, उठायचं. एकदा भांडं काढून त्यात ट्रॅक्टर धुतला. मी काही बोलले नाही. जेवणानंतर वीस मिनिटांनी बसवायचं, पाच मिनिटं, झालं तर झालं. जेवल्यावर आतडी आपोआप हालचाल करतात, त्याचा फायदा घ्यायचा एवढंच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी स्वतः जाऊन बसलं आणि तिथनंच ओरडलं, "आज्जी, बग!"

पाय जमिनीला टेकलेले, गुडघे वर, हात मोकळे आणि उठायचं-बसायचं आपल्या मर्जीनं. खुर्चीची खरी ताकद एवढीच. बाकी पाठीला टेकू, झाकण, हत्तीचं तोंड वगैरे दुकानदाराचं कौतुक. माझ्या नणंदेकडं पुण्यात गाण्याची आहे. शू पडली की वाजते. पण भांडं धुताना वाजते, रात्री दमट हवेत आपली आपणच वाजते, शेवटी त्यांनी सेल काढून ठेवले. मुलगा असेल तर एक बघा: समोरची उंच पट्टी. आमच्या खुर्चीला ती बोटभरच होती, पहिला महिना शू भांड्यापेक्षा फरशीवर जास्त गेली. पुढं झुकून बसायला शिकवल्यावर थांबलं. ती पट्टी काढता-घालता येणारी असेल तर घेऊ नका, बसताना नेमकी टोचते.

खुर्चीच्या बाजूचं दुसरं कारण कुठल्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. आमच्या बाथरूममध्ये पाणी भरलेलं असतं. दोन-तीन वर्षांचं लेकरू बादलीत डोक्यावर पडलं तर त्याला बाहेर येता येत नाही, वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाजसुद्धा होत नाही. रिंग लावली म्हणजे लेकराला शिकवायचं काय, तर "लागली की पळत बाथरूममध्ये जा". आमच्या घरात मी त्याला नेमकं उलटं शिकवत आले होते. बाहेरून वरची कडी लावून ठेवतो. खुर्ची पॅसेजमध्ये असते, तिथं एकटं बसलं तरी माझा जीव टांगणीला लागत नाही. ज्यांच्याकडं चोवीस तास नळ आहे त्यांना हा मुद्दा बारीक वाटेल.

पाण्याचा हिशेबही सांगते. कमोडची आमची टाकी जुनी, एकदा दाबली की दहा लिटर तरी जातं. रिंगच्या दिवसांत पोरग्याला फ्लशची आधी भीती वाटली, मग चटक लागली. दोन थेंब शू, की फ्लश. दिवसात सहा-सात वेळा धरा, साठ-सत्तर लिटर. टँकरचं पाणी विकत घेऊन! तीन दिवसांत एक ड्रम. खुर्चीचं भांडं संडासात ओतायचं, एक तांब्या त्याच्यामागं, एक तांब्या भांड्याला. शी असेल तर अर्धी बादली. एप्रिल-मेमध्ये हा फरक सासू, सासरे, नवरा सगळ्यांना न समजावता समजला.

ओतायचं मात्र संडासातच. लेकराची शी म्हणजे घाण नसते, टाका नालीत नाहीतर फुलझाडाला, असं अजून खूप घरांत चालतं. आमच्याकडंही आत्यांनी दोनदा जास्वंदीला घातली. लहान मुलाच्या शीमध्येही जुलाबाचे, जंताचे जंतू मोठ्या माणसासारखेच असतात. भांडं संडासात, आणि मग धुणाऱ्याचे आणि बसणाऱ्याचे दोघांचेही हात साबणानं. "दोघांचेही" हे मला आमच्या ह्यांना महिनाभर सांगावं लागलं.

आता खुर्चीचे दोष. भांडं धुणं हे काम कुणालाच नको असतं, आणि पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरला की ते आईच्याच वाट्याला येतं. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, महिन्याभरात भांड्यात आधी पांढरा आणि मग पिवळा थर धरला, वास जाईना. संडास साफ करायचं ॲसिड मी लेकराच्या भांड्याला लावलं नाही, तुम्हीही लावू नका. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवलं, घासलं, थर निघाला. पंधरा दिवसांनी एकदा करते. भांड्याच्या काठाखाली जिथं खाच असते तिथं घाण अडकते. घेताना बोट फिरवून बघा, काठ गुळगुळीत असला पाहिजे. आणि थंडीत सकाळी प्लॅस्टिक बर्फासारखं लागतं, त्यावर माझ्याकडं उपाय नाही, मी तळहातानं चोळून देते.

सप्टेंबरात महालक्ष्म्या बसल्या तेव्हा एक प्रकार झाला. जेवणाच्या दिवशी घरात चाळीस माणसं, पहिली पंगत बसलेली, पुरणावर तूप पडायलंय, आणि आमचं पोरगं खालून उघडं, दोन्ही हातांत भांडं धरून, न सांडता, अगदी ताट वाढायला आणावं तसं पंगतीच्या मधून माझ्याकडं आलं. "आई, केली." मी जागीच गार. थोरल्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला, मामा म्हणाले, "हुशार आहे, घेऊन जा आता." खुर्ची उचलता येते, भांडं निघतं, हा तिचा गुण जाहिरातीत लिहितात. त्याची दुसरी बाजू ही.

रिंग अडगळीत गेली का? नाही. ऑक्टोबरात मी तिला दुसरी संधी दिली. आधी कमोडचं माप घेऊन लांबट तोंडाची दुसरी आणली, आणि पुढं जुना लाकडी पाट दोन विटांवर पक्का बसवून ठेवला, पाय टेकायला. या वेळी दोन दिवसांत जमलं. रिंगेचा दोष निम्मा माझाच होता: माप न घेता आणली आणि पायाखाली काही दिलं नाही. शिडीवाली रिंगही मिळते, हजार-दीड हजाराची. नणंदेकडं बघितली. आमच्या एवढ्याशा बाथरूममध्ये ती मांडली की मोठ्यांना शिरायला जागा उरत नाही, आणि कमोडला प्रत्येकानं काढायची-घालायची. मामांना ते जमणार नव्हतं.

तुमच्या घरी फक्त देशी संडास असेल तर रिंगचा विषयच नाही, सरळ साधी खुर्ची घ्या. पण हेही ध्यानात ठेवा की खुर्चीवर शिकलेल्या लेकराला उकिडवं बसणं आपोआप येत नाही. दिवाळीत औशाकडं गावी गेलो. तिथं देशी संडास, पोरग्यानं ते मोठ्ठं भोक बघितलं आणि परत फिरलं. त्याच्या बालवाडीतही बसकं भांडंच आहे, लहान मापाचं असलं तरी. तिथं आत्यांची पद्धत कामाला आली. त्यांनी पुढच्या बाजूला दाराकडं तोंड करून त्याला बसवलं, स्वतः समोर खुर्ची टाकून बसल्या आणि आपले दोन्ही गुडघे त्याला धरायला दिले. "धर माय आज्जीला. नाही पडत तू." तिसऱ्या दिवशी गुडघे सुटले.

रात्रीचं डायपर अजून आहे. झोपेतला ताबा शरीर आपल्या वेळेनं शिकतं, पाच वर्षांपर्यंत काही मुलांचं होत नाही, म्हणून मी उठवून बसवत नाही. रबरी चादर घातलीय.

खुर्ची गेल्या आठवड्यात धुऊन, उन्हात वाळवून बांधून ठेवली. उदगीरहून भावजय मागायलीय. तिची पोरगी अकरा महिन्यांची. म्हणलं, ने, पण अजून वर्षभर माळ्यावरच ठेव.