सहीचा चौकोन रिकामा होता

ज्यांच्या घरी एकाची नोकरी न्यू जर्सीत आणि दुसऱ्याची न्यूयॉर्कमध्ये आहे, त्यांनी हे कृपया वाचा.

आम्ही एडिसनला राहतो. माझं ऑफिस इथेच, नवरा मॅनहॅटनला जातो. आठवड्यातले दोन दिवस तो घरून काम करतो. ओळखीतल्या एका गृहस्थांनी आमचे टॅक्स भरून दिले. वयाने मोठे, मराठी, म्हणून आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. ते म्हणाले, "घरून केलेल्या दिवसांचा टॅक्स न्यूयॉर्कला का देताय? राज्याराज्यांत करार असतो." न्यूयॉर्ककडून २,४०० डॉलर परत आले. त्यातले वीस टक्के, म्हणजे ४८० डॉलर, त्यांनी रोख घेतले.

पगारावरचा टॅक्स फक्त राहत्या राज्याला द्यायचा, असा करार आहे, पण तो न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा. न्यूयॉर्कशी नाही. उलट न्यूयॉर्कचा नियम असा, की ऑफिस तिथलं असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीने घरी बसून काम करत असाल, तर ते दिवसही न्यूयॉर्कचेच धरले जातात. मालकाच्या गरजेपोटी घरी बसावं लागलं असेल तरच सूट.

दीड वर्षाने न्यूयॉर्कच्या टॅक्स खात्याचं पत्र आलं: न्यूयॉर्कबाहेर काम केल्याचे दाखवलेले ९६ दिवस कुठले, कंपनीचं पत्र जोडा. कंपनीने खरं ते लिहून दिलं, घरून काम करणं ऐच्छिक आहे. २,४०० डॉलर तर परत गेलेच, वर व्याज आणि दंडही भरावा लागला.

मग आम्ही नीट परवाना असलेल्या सीपीएबाईंकडे, म्हणजे इथल्या सनदी लेखापाल बाईंकडे, गेलो. त्यांनी दोन्ही रिटर्न शेजारीशेजारी ठेवली आणि पेन्सिलीने दोन ओळींवर खुणा केल्या. न्यूयॉर्कला सांगितलं होतं, हे ९६ दिवस न्यू जर्सीतले. न्यू जर्सीकडे क्रेडिट, म्हणजे दुसऱ्या राज्याला दिलेल्या टॅक्सची सूट, मागताना मात्र पूर्ण पगारावर न्यूयॉर्कने कर घेतला असं दाखवलं होतं. त्याच दिवसांबद्दल दोन राज्यांना दोन वेगळ्या गोष्टी, आणि खाली आमची नावं. मला ते बघून अक्षरशः घाम फुटला. क्रेडिट प्रत्यक्ष लागू झालेल्या करावर मिळतं, पगारातून कापलेल्या रकमेवर नाही, हेही त्यांनीच समजावलं.

त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. पैसे घेऊन रिटर्न करणाऱ्याने तिथे सही करायची असते, आपला पीटिन, म्हणजे पैसे घेऊन रिटर्न करणाऱ्यांना मिळणारा नोंदणी नंबर, घालायचा असतो. तो चौकोन कोरा होता. म्हणजे कागदोपत्री हे रिटर्न आम्हीच भरलेलं. परताव्यातून टक्केवारी मागणारा माणूस दिसला की तिथूनच परत फिरा, असं त्या म्हणाल्या.

काकांचा फोन आता लागत नाही. आम्ही आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय टॅक्स खात्याकडे, फॉर्म १४१५७ ची तक्रार भरली. त्यात तयार करणाऱ्याचा पीटिन विचारतात. ती जागा कोरी सोडली आणि सोबत त्यांचा एकच व्हॉट्सॲप मेसेज जोडला: "पैसे मिळाले, धन्यवाद."