विद्यार्थी सवलतीत अ‍ॅडोबी, की फुकटातलं अ‍ॅफिनिटी?

भाची यंदा उपयोजित कलेला गेली आणि पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला, “मामा, अ‍ॅडोबीचं डिझाइन सॉफ्टवेअर स्टुडन्ट सवलतीत घेऊन टाकू का? लय स्वस्त दिसून राहिलं.” मी उलट विचारलं, तुझी फाइल शेवटी उघडणार कोण?

कारण नागपुरात इतवारी-महालाकडच्या लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांचं सगळं काम कोरलड्रॉवर चालतं. तिथे अ‍ॅडोबीच्या इलस्ट्रेटरची फाइल नेली की प्रेसवाला म्हणणार, “सीडीआर आणा, नाहीतर टेक्स्ट कर्व्ह करून पीडीएफ द्या.” म्हणजे कोरलची फाइल, नाहीतर अक्षरांचे आकार करून दिलेली पीडीएफ. पुण्या-मुंबईच्या जाहिरात एजन्सीत मात्र इलस्ट्रेटर आणि त्यांचंच पानं मांडायचं इनडिझाइन आलंच पाहिजे. अ‍ॅपचे स्क्रीन करायचे असतील तर फिगमा, आणि ते विद्यार्थ्यांना प्रोफेशनल सोयींसकट फुकट मिळतं. तिथे तुलनेचा प्रश्नच नाही.

खरा पेच अ‍ॅडोबीचा. एकाच वर्गणीत वीसहून जास्त अ‍ॅप, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे बाहेरची पैशाची कामंही त्यावर करायला मुभा आहे. पण जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसतो तो पहिल्या वर्षाचा दर. नूतनीकरणाला तो चढतो. पैसे महिन्याला कापले जात असले तरी करार वर्षाचा असतो. १४ दिवसांच्या आत रद्द केलं तर पूर्ण रक्कम परत, त्यानंतर सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या निम्मे पैसे भरा. याच अटीवरून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये कंपनीवर खटला भरला होता. कार्ड बाबांचं असेल तर त्यांना हे आधीच सांगा. पैसे कापायच्या २४ तास आधी बँकेचा मेसेज त्यांच्याच मोबाइलवर जाणार आहे.

विद्यार्थी असल्याची पडताळणी कॉलेजच्या ईमेलवर चटकन होते. आपल्याकडे अनेक कॉलेजं ईमेल देतच नाहीत. मग आयकार्ड किंवा फीची पावती अपलोड करायची. भाचीच्या कार्डावर चालू वर्षच छापलेलं नव्हतं, म्हणून ते परत आलं. पावतीवर तारीख होती, तिने काम झालं.

अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन कंपनीने २०२४ मध्ये विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून सगळ्यांनाच फुकट केलं. विद्यार्थी असल्याचा दाखला नको, फक्त कॅनव्हाचं खातं हवं. व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेषांची चित्रं), फोटो आणि पानांची मांडणी एकाच ठिकाणी होते. घोडं अडतं ते मराठीशी. जुन्या आवृत्त्या देवनागरी जोडाक्षरांत अडखळायच्या. म्हणून भरवसा टाकण्याआधी त्यात ‘कुर्यात् सदा मंगलम्’ टाइप करा. रफार आणि हलन्त जागेवर बसले तर पुढचं बोलू. अ‍ॅडोबीतही टेक्स्टच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर पहिली वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. इंकस्केप या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये ही कटकट नाही. तेही फुकट, पण प्रेससाठी सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग, नीट काढताना घाम फुटतो.

नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनीअरिंग संस्थेत किंवा दुसरीकडे आर्किटेक्चर शिकणाऱ्यांचं गणित निराळं. ऑटोडेस्क कंपनी ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स ही नकाशे आणि थ्रीडीची सॉफ्टवेअर वर्षभर फुकट देतं आणि शिक्षण चालू असेपर्यंत दरवर्षी वाढवूनही देतं. अट एकच, काम फक्त शिकण्यापुरतं. काकांच्या घराचा नकाशा पैसे घेऊन त्यावर काढलात तर परवाना मोडला. “कोण पाहून राहिलं?” असं म्हणणारे भेटतील, पण पुढे ज्या ऑफिसात लागाल त्यांना तुमच्यामुळे उत्तर द्यावं लागू नये.

दुकानात हजार-दोन हजारात मिळणारं अ‍ॅडोबीचं ‘लाइफटाइम अकाउंट’ मी तुलनेत धरतच नाही. अशाच एका दुकानातून मी घेतलेलं तीन महिन्यांत बंद पडलं. दुकानदार म्हणाला, दादा, लाइफ तेवढीच होती.

भाचीला मी पहिल्या वर्षी अ‍ॅडोबी घेऊच नको म्हटलं. ते वर्ष पेन्सिल, पोस्टर कलर आणि कागदातच जातं, आणि वर्गणीच्या पहिल्या वर्षाची स्वस्ताई एकदाच मिळते. तोवर फिगमा, इंकस्केप, आणि रफारची परीक्षा पास झालं तर अ‍ॅफिनिटी. तिसऱ्या वर्षी पोर्टफोलिओ आणि इंटर्नशिप सुरू होईल तेव्हा अ‍ॅडोबी घ्यायचं. कोरल मात्र सुट्ट्यांत ओळखीच्या प्रेसमध्ये त्यांच्याच मशीनवर बसून शिक म्हटलं. ती म्हणाली, “तिथे चहाही मिळते.”