विमान नसलेली स्कायडायव्हिंग शाळा : वाशीतील फसवणुकीचा अनुभव

वाशी रेल्वे स्थानकाजवळच्या एका व्यापारी संकुलात थाटलेल्या संस्थेने स्कायडायव्हिंग शिकवण्याच्या नावाखाली माझ्याकडून आणि कोपरीत राहणाऱ्या माझ्या मामेभावाकडून मिळून १,२०,००० रुपये आगाऊ घेतले आणि त्या बदल्यात आम्हाला विमानाचे दर्शनसुद्धा घडवले नाही. तक्रार प्रलंबित असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही. मात्र ऐरोली, खारघर, पनवेलकडील आणखी काही तरुण याच जाळ्यात अडकल्याचे नंतर कळले, म्हणून हा व्यवहार कसा रचलेला होता ते सविस्तर लिहीत आहे.

प्रवेशाच्या वेळी भेटलेला समुपदेशक बोलण्यात अत्यंत तरबेज होता. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर घेतलेली उडी, २०११ सालची पद्मश्री, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून घेतलेली उडी, हे सगळे त्याने असे रंगवून सांगितले की ऐकणाऱ्याला त्याचा आणि या क्षेत्राचा जुना घरोबा असावा असेच वाटावे. सांगितलेली माहिती खरी होती. तिचा त्या कार्यालयाशी काडीचाही संबंध नव्हता, एवढेच. पुढे त्याने आठ उड्यांत ‘ए’ लायसन्स आणि सोबत ‘डीजीसीए मान्यताप्राप्त’ (म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेले) प्रमाणपत्र मिळेल असे सांगून छापील माहितीपत्रक हातात दिले.

खोटेपणा या एका वाक्यातच होता आणि तो नेमका कोठे होता हे समजून घेण्यासारखे आहे. ‘ए’ ते ‘डी’ ही लायसन्सची जी श्रेणी आपल्याकडे सर्रास सांगितली जाते, ती अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनची, म्हणजे यूएसपीएची आहे, आणि तिच्या पहिल्याच पायरीला किमान २५ उड्या लागतात. एएफएफ, म्हणजे ‘ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल’ नावाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील सात किंवा आठ टप्प्यांच्या उड्या या त्या प्रवासाची केवळ सुरुवात असतात. विद्यार्थी एका दिवसाचे जमिनीवरचे प्रशिक्षण घेतो, पहिल्या टप्प्यांत दोन प्रशिक्षक त्याला दोन्ही बाजूंनी धरून त्याच्याबरोबर विमानातून बाहेर पडतात, आणि सुमारे साडेपाच-सहा हजार फुटांवर पॅराशूट उघडण्याचे काम विद्यार्थी स्वतः करतो. टॅन्डम उडीचे तसे नसते. तीत आपण प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधलेले प्रवासी असतो. अनुभव मोठा असतो, पण केवळ तशी एक उडी घेऊन कोणी स्कायडायव्हर होत नाही. आमच्या माहितीपत्रकात ‘पहिला टप्पा’ म्हणून चक्क टॅन्डम उडीच लिहिलेली होती. शिवाय ज्या ‘ए’ लायसन्सचे आमिष दाखवले होते, ते देणारी संस्था डीजीसीए नव्हेच.

माहितीपत्रकावरील छायाचित्रात एक देखणे पांढरे विमान होते आणि त्याच्या दारात हसतमुख मंडळी बसलेली होती. मामेभावाने ते चित्र मोबाइलवर मोठे करून पाहिले आणि मला म्हणाला, “दादा, याच्या शेपटीवरचा नंबर ‘एन’ने सुरू होतो. हे विमान अमेरिकेतले आहे.” भारतात नोंदलेल्या विमानाचा क्रमांक ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होतो, हे त्याला विमानांच्या नादामुळे ठाऊक होते. त्याने सरळ विचारले की तुमचे विमान कोणते आणि ते कोणत्या धावपट्टीवर उभे असते. उत्तर मिळाले की ते ‘सीझननुसार’ ठरते आणि सुरक्षेच्या कारणास्तव आधी सांगता येत नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील हे सर्वांत निर्लज्ज उत्तर होते, कारण सुरक्षेच्या दृष्टीने पहिल्यांदा सांगायची गोष्टच ती आहे. तोपर्यंत पैसे गेलेले होते, आणि ते संस्थेच्या नावाने नव्हे तर एका व्यक्तीच्या बचत खात्यात यूपीआयने घेतले गेले होते; चालू खात्याचे काम बँकेत अडकले आहे, हे त्याचे कारण सांगण्यात आले होते.

जमिनीवरचे वर्ग शनिवार-रविवारी त्याच कार्यालयात होत. टेबलांवर पोटावर झोपवून पाठीची कमान कशी ठेवायची हे शिकवले जाई, आणि ते शिकवणे फारसे चुकीचेही नव्हते. फसवणुकीत निम्मा माल खरा असतो म्हणूनच ती इतके दिवस चालते. एका वर्गात पॅराशूटची पाठपिशवी मध्यभागी ठेवून प्रत्येकाला हाताळायला दिली. खांद्याच्या पट्ट्यांवरचे कापड उसवलेले होते. स्कायडायव्हिंगच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव पॅराशूटची घडी प्रमाणित रिगरनेच, म्हणजे पॅराशूटची घडी आणि तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञानेच घालायची असते, अमेरिकेतील नियमानुसार ती दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा घालावी लागते, तिची तारीख आणि रिगरची सही असलेले कार्ड पिशवीच्या खिशात ठेवलेले असते आणि पिनेवर लाल दोरा गुंडाळून शिशाचे सील केलेले असते. आमच्यासमोरच्या पिशवीत कार्डाचा खिसा रिकामा होता, सील नव्हते, आणि ठरावीक उंचीच्या खाली वेगाने पडत राहिल्यास राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे जे यंत्र असते, त्याच्या छोट्या पडद्यावर काहीच दिसत नव्हते. याबद्दल विचारल्यावर प्रशिक्षक म्हणवणाऱ्या गृहस्थांनी, “हा डेमो पीस आहे, खरा सेट साइटवर असतो,” असे सांगितले. त्यांच्याकडे रेटिंगचे, म्हणजे प्रशिक्षक म्हणून पात्रतेचे कार्ड मागितले, तेव्हा ते नूतनीकरणासाठी पाठवले आहे असे उत्तर आले. यूएसपीएच्या टॅन्डम प्रशिक्षकाला किमान ५०० उड्या आणि या खेळातील तीन वर्षांचा अनुभव लागतो. इतक्या उड्या घेतलेल्या माणसाकडे निदान एक जीर्ण झालेली लॉगबुक, म्हणजे उड्यांची नोंदवही तरी असते. यांच्याकडे तीही नव्हती.

उड्यांची तारीख जून महिन्यातली दिली होती. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या काळात ढग किती खाली उतरतात हे येऊरचा डोंगर पाहणाऱ्या कोणाही ठाणेकराला सांगावे लागत नाही. विद्यार्थ्याला उडी मारताना खालचे मैदान दिसणे आवश्यक असते आणि त्याच्यासाठी वाऱ्याच्या वेगाची मर्यादा अनुभवी माणसापेक्षा कडक असते. त्यातच जागा ‘पनवेल खाडीलगत’ असे सांगितले होते. मुंबईच्या विमानतळाच्या इतक्या जवळ, आणि त्या वेळी शेजारी नवी मुंबईचा विमानतळ उभा राहत असताना, दहा हजार फुटांवरून माणसे सोडणारे विमान हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीवाचून उडणे शक्यच नव्हते. ती परवानगी दाखवा म्हटल्यावर जागा बदलली.

बदललेली जागा म्हणजे कामशेतच्या बाजूची एक टेकडी. तेथे आम्हाला पॅराग्लायडिंगच्या एका पायलटबरोबर काही मिनिटे उडवण्यात आले आणि लॉगबुकमध्ये ‘कॅनोपी कंट्रोल (उघडलेल्या पॅराशूटवरील नियंत्रण), टप्पा २’ असा रबरी शिक्का मारून देण्यात आला. त्या नोंदीत विमानाचा रकाना कोरा होता आणि उंचीच्या रकान्यात आडवी रेघ मारली होती. पॅराग्लायडिंग हा चांगला खेळ आहे, पण तो उतारावरून धावत सुरू होतो आणि पंख आधीच उघडलेला असतो. मुक्त पतनात ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येत असताना उंचीवर लक्ष ठेवून योग्य वेळी पॅराशूट उघडणे हा जो स्कायडायव्हिंगचा गाभा, त्याचा तेथे प्रश्नच येत नाही. बरोबरच्या काही मुलांना यातला फरक माहीत नव्हता आणि ती खूश होऊन परतली. यानंतर प्रत्येकाकडे आणखी ७५,००० रुपयांची मागणी आली, ‘उरलेले टप्पे थायलंडमध्ये’ या सबबीवर. ते आम्ही दिले नाहीत. काही आठवड्यांनी कार्यालयाला कुलूप लागले.

खऱ्या संस्थेची चौकशी कशी करावी हे आम्ही त्यानंतर या खेळातील जाणत्यांकडून समजून घेतले. भारतात स्कायडायव्हिंग होते. हरियाणातील नारनौलजवळच्या बाछोद धावपट्टीवर आणि मध्य प्रदेशात उज्जैनच्या दताणा धावपट्टीवर उड्या झालेल्या आहेत, आणि २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात पॅराशूटिंगचा स्पष्ट समावेश आहे. तेव्हा फीचा आकडा ऐकण्यापूर्वी धावपट्टीचे नाव, विमानाचा ‘व्हीटी’ क्रमांक, परवानगीचे पत्र, प्रशिक्षकाच्या कार्डावरील क्रमांक व मुदत, आणि राखीव पॅराशूटच्या कार्डावरची शेवटची तारीख विचारावी. शक्य असेल तर एक दिवस जाऊन नुसते मैदानाच्या कडेला उभे राहावे. वारा वाढल्यावर आलेल्या गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून उड्या थांबवणारी संस्था मला तरी सर्वांत भरवशाची वाटते. लायसन्सपर्यंत जायचे असेल तर वर्षभर विमान उडत असलेले परदेशातील केंद्र अनेकदा अधिक सोयीचे पडते, पण तेथेही पैसे थेट त्या केंद्राकडे भरावेत, मधल्या माणसाकडे नव्हे.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. त्या बचत खात्यातील शिल्लक रक्कम गोठवली गेली, परंतु ती आमच्या रकमेच्या मानाने अगदीच तुटपुंजी होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि मोबदला म्हणून भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही; ती तयारी सुरू आहे. समान तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. तेव्हा अशाच प्रकारे एखाद्याच्या बचत खात्यात पैसे भरलेल्यांनी यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, माहितीपत्रक, शिक्के मारलेली लॉगबुक आणि संस्थेबरोबरचे मोबाइलवरील संदेश यांपैकी काहीही पुसून टाकू नये, आणि तक्रार देताना कोऱ्या रकान्यांच्या त्या पानाची छायाप्रत आवर्जून जोडावी.