होव्हचे रीजन्सी घर की बाथचे दगडी घर?

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या शहरी घरातला मजला विकत घेण्याचा विचार असेल, तर समुद्रकाठच्या होव्हचा ब्रन्सविक स्क्वेअर आणि बाथचा रॉयल क्रेसेंट ही दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही संरक्षित वारसा-वास्तूंच्या सरकारी सूचीत पहिल्या श्रेणीत आहेत, आणि हा मान देशातल्या सूचीबद्ध वास्तूंपैकी जेमतेम 2.5 टक्के वास्तूंनाच मिळालेला आहे. काळ मात्र वेगळा. क्रेसेंट वास्तुकार धाकट्या जॉन वुडने 1767 ते 1774 दरम्यान उभारला, म्हणजे तो रीजन्सीच्या (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळाच्या) आधीचा. ब्रन्सविक स्क्वेअर वास्तुकार चार्ल्स बझबीच्या आराखड्यावरून 1820 च्या दशकात आकाराला आला.

बाथमध्ये 30 घरांची अख्खी रांग अर्धचंद्रासारखी वळते. होव्हमध्ये उलट, रांग सरळ असते आणि प्रत्येक घराचा दर्शनी भाग गोलाईने पुढे येतो, त्यामुळे दिवाणखान्यात बसल्या जागी तिरके पाहिले तरी समुद्र दिसतो. प्रकाशासाठी मला बझबीची ही युक्ती वुडच्या भव्य स्तंभांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

खरा फरक भिंतीत आहे. बाथचा मधाळ रंगाचा चुनखडक दर्शनी बाजूला घडीव स्वरूपात लावलेला आहे. काजळीने तो काळवंडतो, पण त्याला रंग द्यावा लागत नाही. मागची बाजू मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने बांधली, कारण तेव्हा जागा घेणाऱ्याला बंधन होते ते फक्त दर्शनी भागाचे. म्हणून तिथले घर पाहताना मागच्या अंगणातूनही पाहावे.

होव्हमध्ये दगडाचा केवळ भास आहे. वर स्टकोचा गिलावा, आणि आत बऱ्याचदा ‘बंगरूश’, म्हणजे गारगोटीचे दगड, विटांचे तुकडे व वाळू चुन्यात कालवून फळ्यांच्या साच्यात ओतलेला भराव. ही भिंत ओल शोषते आणि पुन्हा सोडते. तिच्यावर सिमेंटचा थर दिला की ओल आतच कोंडते, भिंतीत गाडलेली लाकडे कुजतात आणि भराव सैल होत जातो. त्यामुळे पूर्वी कोणी सिमेंट वापरले आहे का, हा प्रश्न मी किमतीच्याही आधी विचारीन. दर पाच वर्षांनी दर्शनी भागाला ठरलेला क्रीम रंग द्यावा लागतो, आणि खाऱ्या वाऱ्याने सज्जांचे लोखंडी कठडेही गंजतात. हा खर्च सगळ्या मालकांनी मिळून उचलायचा असल्याने इमारतीच्या देखभालीचे जुने हिशेब मागून घ्यावेत.

आतली रचना दोन्हीकडे सारखीच: तळघरात स्वयंपाकघर, तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच छताचा दिवाणखाना, आणि वर जावे तसतशी छते ठेंगणी. तळघर स्वस्त मिळते, पण ओलीचा पहिला फटका त्यालाच बसतो. सरकत्या खिडक्यांच्या जागी नव्या बसवणे किंवा आतली भिंत पाडणे यासाठीही, वास्तू सूचीत असल्याने, आधी स्थानिक प्रशासनाची संमती लागते, आणि ती न घेता केलेले काम हा फौजदारी गुन्हा ठरतो. शिवाय आधीच्या मालकाने केलेले बेकायदा बदल दुरुस्त करण्याची सक्ती नव्या मालकावरही होऊ शकते.

देखभालीत फार गुंतायचे नसेल, तर बाथ. हिशेब नीट ठेवणारे सहमालक लाभत असतील, तर मी होव्हमधला पहिला मजलाच निवडीन. त्याआधी होव्हमध्ये 13, ब्रन्सविक स्क्वेअर आणि बाथमध्ये 1, रॉयल क्रेसेंट ही दोन जतन केलेली घरे आतून पाहून यावीत.