‘कमांड’ घ्यावं की नेटलोगो शिकावं?

महू आपल्या इंदूरपासून हाकेच्या अंतरावर, आर्मी वॉर कॉलेज तिथंच. त्यामुळे संरक्षणशास्त्राचा प्रबंध हाती घेतलेली आपली मुलं ‘काका, कोणतं बरं पडेल?’ असं विचारत येतात. ‘कमांड’ हा संगणकावरचा तयार युद्धखेळ; नेटलोगो म्हणजे नियम स्वतः लिहून माणसांच्या वागण्याची प्रतिमानं (मॉडेल्स) चालवायचं सॉफ्टवेअर. दोन्ही वापरून झालीत, म्हणून लिहितो.

समुद्रावरची नि आकाशातली लढाई समजून घ्यायला ‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’ला तोड नाही. रडार चालू केलं तर शत्रू दिसतो, पण आपला ठावठिकाणाही त्याला कळतो. ही ओढाताण पहिल्याच बैठकीत अंगात भिनते. क्षेपणास्त्र सुटलं की ते लागण्याची शक्यता किती होती, कशानं घटली, संगणकानं टाकलेला फासा किती पडला, सगळं नोंदीत लिहून येतं.

माझं घोडं अडलं ते पुढे. फासा एकदा पडला म्हणजे उत्तर मिळालं असं होत नाही. तोच प्रसंग शेकडो वेळा चालवून निकाल किती हलतो ते बघायला हवं. ती सोय संरक्षण संस्थांसाठीच्या आवृत्तीत आहे. मी विकत घेतली तिच्यात नव्हती. फाइल उघडा, चालवा, किती जहाजं बुडाली ते वहीत उतरवा, पुन्हा उघडा. रात्रीची जेवणं आटोपून बसायचो, पान भरायच्या आत डोळे मिटायला लागायचे.

नेटलोगोत यासाठी बिहेव्हियरस्पेस नावाची सोय आहे. कोणता आकडा कुठून कुठवर न्यायचा, किती वेळा चालवायचं ते भरा, सकाळी तक्ता तयार. नेटलोगोच्याच तयार नमुन्यांच्या संग्रहातलं ‘रिबेलियन’ (बंड) उघडा. ते संशोधक जोशुआ एपस्टाइन यांच्या नागरी हिंसाचाराच्या २००२ च्या प्रतिमानावर बेतलेलं आहे. माणसाचा असंतोष म्हणजे त्याचे हाल गुणिले (१ वजा सरकारची वैधता). एपस्टाइन यांना असं आढळलं की वैधता एकदम कोसळली तर उठाव भडकतो. सावकाश उतरली तर बंडखोर सुटे सुटे पकडले जातात आणि भडका उडत नाही. असा प्रश्न ‘कमांड’मध्ये मांडताच येत नाही.

नेटलोगोत रडार-क्षेपणास्त्रं तयार मिळत नाहीत, हे खरं. नियम स्वतः लिहायचे, आणि चुकीचा नियमही तितक्याच झोकात चालतो. पण मार्गदर्शकांनी ‘हा आकडा कुठून आणला?’ विचारलं की बोट ठेवायला ओळ आपलीच असते.

विषय नौदलाचा असेल तर ‘कमांड’ घ्या, माझी ना नाही. बंडखोरी, घुसखोरी असं काही असेल तर मी नेटलोगोच सुचवीन. फुकट आहे; पहिला आठवडा ‘रिबेलियन’चेच नियम मोडून-जोडून बघा.